टाचणीवरचा सोनकिडा

एक सोनकिडा मी जिवंतपणी टाचणीवर लावला, असं मी दहा वर्षं मानत होतो. कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी इंदूरला इंटर सायन्सला होतो आणि राखीपौर्णिमेसाठी धारला घरी आलो होतो. प्रॅक्टिकलसाठी वीस कीटकांची पेटी द्यायची होती. एकोणीस झाले होते. विसावा घरातच होता, पण तो धाकट्या बहिणीचा. ती अकरा वर्षांची होती. तलावापलीकडच्या बाभळीवरून तिनं तो आणला होता आणि पुठ्ठ्याच्या डबीत बाभळीचा पाला घालून पाळला होता. हिरवा, चकाकणारा. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी ती डबी उघडायची.

राखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबी मी उघडली. तो पाय पोटाशी घेऊन उताणा पडला होता. सोनकिडा घाबरला की असंच मेल्याचं सोंग घेतो आणि थोड्या वेळानं चालू लागतो. हे मला पाठ होतं. तरी मी थांबलो नाही. दुपारच्या मोटारीनं परत जायचं होतं. उजव्या कवचातून टाचणी घातली, बुचाच्या पट्टीवर रोवली आणि जेवायला गेलो.

परत आलो तर त्याचे सहाही पाय पोटापासून सुटून बाहेर पसरलेले होते.

बहिणीला म्हटलं, "तो गेला होता गं, म्हणून लावला. असा पुष्कळ दिवस टिकेल." तिनं पेटीकडे एकदा पाहिलं आणि मागच्या अंगणात निघून गेली. तिला कळलं, असं मला वाटलं. मी डांबराची गोळी टाकून पेटी बंद केली. मोटारीत ती पेटी मांडीवर होती आणि मी तिच्यावर हात ठेवायचं टाळत होतो.

पुढे मी शाळामास्तर झालो. मुलांना कीटक जमवायला कधी सांगितलं नाही, फक्त चित्रं काढायला लावत असे.

बहीण लग्न होऊन देवासला गेली. एकदा तिच्याकडे गेलो असताना ती ओट्यावर गहू निवडत बसली होती. सुपात एक किडा निघाला, तो तिनं चिमटीत अलगद धरून अंगणात सोडला. ते पाहून मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं, पायांचंसुद्धा.

तिनं सूप खाली ठेवलं. "दादा, तो आदल्या दिवशीच गेला होता."

"सोंग असेल."

"मुंग्या लागल्या होत्या त्याला. आतून पोखरला होता. मी फुंकून फुंकून काढल्या. सोंगात कोणी मुंग्यांना खाऊ देतं का?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"राखीचा दिवस. आई म्हणाली असती, सणाचं घरात मेलेलं काय ठेवलंस, फेक आधी. म्हणून डबीतच ठेवला. सुतक पाळलं मी त्याचं."

"सुतक?"

"दहा दिवसांचं नाही रे. लांबचा म्हणून नुसत्या आंघोळीचं. डोक्यावरून पाणी घेतलं आणि तशाच ओल्या केसांनी तुला ओवाळलं. आई केवढी बोलली होती."

ते ओले केस मला आठवले. माझ्या मनगटावर पाणी ठिबकलं होतं आणि मी तिला चिडवलं होतं.

"आणि पाय?" मी विचारलं.

"ते मी पसरले, तू जेवत होतास तेव्हा. आखडलेला कसातरीच दिसत होता. बसल्यासारखा केला. एखादा तुटेल म्हणून काय घाबरले होते."

"मग गप्प का होतीस?"

"तुझ्या कॉलेजच्या पेटीला हात लावला होता ना. वाटलं, तू मारशील."

मी भिंतीला टेकून बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती टाचणी मला मनात नीट पाहता आली. मला चक्क भूक लागली.

"न विचारता घेतलास, ते मात्र खरंच," ती म्हणाली.

"हो. ते खरंच."

"मग आता विचार."

"तुझा सोनकिडा घेऊ का?"

तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"ने," म्हणाली.