काळे हात

सून शिलाई मशीनला तेल घालत होती. त्या वासाने मी एकाहत्तर सालच्या भिंगारला पोचलो. तिथल्या कचेरीत मी संगणकाची, भोकं पाडलेली कार्डं वाचणारी यंत्रं दुरुस्त करायचो. एकदा दमट झालेली कार्डं गच्चीवर वाळत घातली आणि वाऱ्याने सगळी उडवली. भोकं वाचत मी दिवसभर त्यांचा क्रम लावत बसलो. साहेबांनी ते पाहिलं. "उद्यापासून प्रोग्रॅम लिहायला बस."

माझ्याबरोबरचे वयस्कर मेकॅनिक शेखचाचा म्हणाले, "सुटलास लेका. आता हात काळे न्हाई व्हायचे." मला तेव्हा बरं वाटलं होतं.

पुढे मुख्य अ‍ॅनालिस्ट झालो. तीस वर्षं कागदावरच्या चुका शोधून थकलो. हाताने काही दुरुस्त केल्याचं आठवत नाही.

सुनेकडून तेलाची बुधली मागून घेतली आणि मशीनला मीच तेल घातलं. जेवायला बसेपर्यंत हात धुतले नाहीत.