राजधानीचा बेसबॉल आणि निळी पेटी

२००५ साली अमेरिकेच्या राजधानीत बेसबॉलचा संघ परत आला आणि त्याच आठवड्यात मी बाबांचा इतिहास रद्दीत घातला.

आई गेल्यावर बाबा पुण्याहून माझ्याकडे एडिनबराला आले, ते एक स्वेटर आणि आयुष्यभराची टिपणं घेऊन. विषय: वॉशिंग्टनचे व्यावसायिक बेसबॉल संघ. (एकही सामना पाहिलेला नव्हता.) तिथला जुना संघ शहर सोडून गेला, दुसरा आला, अकरा वर्षांनी तोही टेक्सासला गेला. "राजधानी आहे ती, धर्मशाळा नव्हे," बाबा जेवताना म्हणत, जणू मीच त्यांना घालवलं. मग तीसहून जास्त वर्षं मैदान रिकामं आणि बाबांचं शेवटचं प्रकरणही.

अखेर नवा संघ आला. बाबांनी प्रकरण पूर्ण केलं, सगळी पानं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली, सुतळीने उभी-आडवी बांधली आणि फोटोकॉपीला न्यायची म्हणून दाराशी ठेवली. आता पुण्यात वाढलेल्या कुणीही सांगावं, दाराशी सुतळीने बांधलेला वर्तमानपत्रांचा गठ्ठा म्हणजे काय? कौन्सिलची, म्हणजे इथल्या पालिकेची, रद्दी नेणारी गाडी यायची वेळ झाली होती. मी तो रद्दीच्या निळ्या पेटीत ठेवला, वर स्वतःच्या टापटिपीचं कौतुकही केलं!

बाबा आंघोळ करून आले, गठ्ठा कुठे म्हणाले. मी सांगितलं. ते चपला घालून निघाले. मागे मी, हातात पोह्यांचं उलथनं. चढावर गाडी गाठली. गाडीवाला उलथन्याकडे बघत म्हणाला की आत गेलेला कागद दाबला जातो, परत निघत नाही. होतं काय त्यात? बेसबॉलचा इतिहास, मी म्हणाले. कुठला? वॉशिंग्टनचा. त्याने बाबांकडे पाहिलं आणि टोपी काढली.

घरी येताना बाबा म्हणाले, "मंजू, वही घे. मी सांगतो, तू लिही."

"बाबा, मला त्यातलं काही कळत नाही."

"म्हणून तर. मध्ये बोलणार नाहीस."

दोन वर्षं, दर रविवारी. बाबा भराभर सांगायचे, मी धुसफुसत लिहायचे. पहिला संघ गेला तेव्हा मी लगेच पान उलटलं, तर म्हणाले, "थांब जरा. आत्ताच गेलाय तो." दुसरा टेक्सासला निघाला, तिथवर आम्ही पोचलो. मग बाबा गेले.

सात वह्या उरल्या आहेत. सगळ्या माझ्या हातच्या आणि माझं अक्षर मलाच लागत नाही.