घरच्या पिशवीतलं माप

फोन आला तेव्हा मी मंगलच्याच ब्लाउजपीसवर खडूने खुणा करत होते. मोरपंखी कापड, समोर मापांची वही उघडी आणि वहीत तिचं पान. फोन ऋतुजाचा होता, मंगलच्या भावाच्या मुलीचा. "काकू, आत्या गेली," एवढंच ती म्हणाली. डेंग्यूने मंगल चार दिवस नगरच्या दवाखान्यात होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जाणार होते. न्यायच्या वस्तूंची यादी करून ठेवली होती: मऊ भात, टॉवेल, मोबाईलचा चार्जर, तिचा जाड भिंगांचा चष्मा. माझ्या याद्यांवर ती आयुष्यभर हसली. म्हणायची, "शैले, तुझ्या याद्यांची पण एक यादी असंल, ती कुठं ठेवतीस?" ही यादी अजून माझ्या पर्समध्ये आहे. एकाही वस्तूपुढे खूण नाही.

श्रीरामपूरला बाजारपेठेत माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. मंगल त्याहून जुनी. आम्ही सातवी ते दहावी एका वर्गात होतो. तेव्हा तिचं नाव वेगळं होतं आणि ती मुलांच्या बाकावर बसायची. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण तिला ते चालत नसे आणि माझ्या वहीत ते कधी नव्हतंच. कार्यानुभवाच्या तासाला मुलांना बागकाम आणि मुलींना शिवण असे. हा एक मुलगा वाफे झटपट उरकून आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहायचा आणि बटणाचं काज कसं करतात ते बघत बसायचा. एकदा मी गंमत म्हणून सुई-दोरा हातात दिला, तर माझ्यापेक्षा सुबक काज करून दाखवलं. बाईंनी त्यावर मलाच दहापैकी आठ दिले. त्या आठ मार्कांवर मंगलने पुढे तीस वर्षं हक्क सांगितला.

मग बरीच वर्षं नुसती तोंडओळख राहिली. तिने नेवासा रोडला रोपवाटिका टाकली, उसाची, मिरचीची, झेंडूची रोपं. घरचे दहा किलोमीटरवर गावात आणि ती रोपवाटिकेमागच्या खोलीत एकटी. चाळिशीच्या आसपास एका दुपारी ती दुकानात आली. पंजाबी ड्रेस घातलेला, ओढणी घट्ट गुंडाळलेली. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसून राहिली आणि मग सरळ म्हणाली, "पुण्याच्या डॉक्टरांकडं औषध चालू केलंय. हार्मोनचं. नाव मंगल ठेवलंय. आता मला एक मापाचा ब्लाउज करून दे."

आमच्या धंद्यात ज्याला मापाचा ब्लाउज म्हणतात तो काही नवा, भारीतला नसतो. अंगाला नेमका बसणारा एखादा जुना ब्लाउज बाई जपून ठेवते आणि नवीन शिवायचे असले की टेलरकडे तोच देते, म्हणजे दर वेळी टेप लावायला नको. लग्नकार्य निघालं की घरातल्या सगळ्या बायकांचे मापाचे ब्लाउज एका पिशवीत गोळा होतात, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचणीने लावतात आणि ती पिशवी माझ्याकडे येते. कोण त्या घरची आहे हे मला रेशनकार्डापेक्षा या पिशवीवरून नक्की कळतं. मंगलच्या घरची पिशवीसुद्धा माझ्याकडेच यायची. तिला ते ठाऊक होतं. म्हणाली, "मला दुसरं काय नको. घरच्या पिशवीत एक दिवस माझं बी माप यावं."

पहिलं माप घेतलं ते असं: छाती छत्तीस, कंबर तेहेतीस, सीट म्हणजे नितंबांचा घेर छत्तीस, खांदा साडेसोळा. मी सांगितलं की आत्ता शिवला तर वर्षभरात बसणार नाही, थांब. मग ठरलं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माप. वजन ती तिकडेच करायची, खताच्या गोण्या जोखायच्या काट्यावर उभी राहून, आणि आकडा मला फोनवर सांगायची. अडुसष्ट किलो. "गोणीपेक्षा अठरा किलो जास्त भरते मी," असं म्हणायची.

मला वाटलं होतं की औषध सुरू झालं की अंग भराभर बदलेल. तसं काही होत नाही. पहिल्या काही महिन्यांत छातीत गाठीसारखं दुखू लागलं तेव्हा ती घाबरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही सुरुवात आहे, असंच होतं. दंडांची ताकद कमी झाली. पूर्वी खताची गोणी ती एकटी खांद्यावर टाकायची, आता दुसऱ्या टोकाला मी लागले. वजन उलट दीड किलोने उतरलं, तेव्हा ती हिरमुसली. तिला वाटत होतं, वजन वाढेल आणि हवं तिथे जाऊन बसेल. डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते तिने मला स्वतःच्या भाषेत सांगितलं: "पानी तेवढंच हाय, पाट बदलायचाय. जुन्या वाफ्यातलं पानी उचलून कुणी नव्या वाफ्यात नेत न्हाई. हितून पुढं जे येईल ते तिकडं वळंल. दोन वर्षं, पाच वर्षं... आन हाडं हायेत तिथंच राहतील." खांद्याच्या रकान्यात दर महिन्याला साडेसोळाच यायचं. तो आकडा लिहिताना ती कधी वहीत बघायची नाही. बाकीचे मात्र वाकून बघायची.

माझ्या हातून चूक झाली ती दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आधी. तिच्या घरची पिशवी दुकानात आली होती. मंगलने ती फळीवरून काढली, चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या, आई, वहिनी, ऋतुजा, दोन्ही चुलत्या, आणि होती तशी ठेवून दिली. मग हात बाजूला करून उभी राहिली. "घे माप." छाती साडेछत्तीस भरली. गेल्या पाच महिन्यांत तेवढीच होती. मी म्हणाले, "साडेसदतीस." तिचा चेहरा बघून पुढे सीटही इंचभर वाढवून सांगितली. ती वहीत बघणार हे माहीत असल्यामुळे तसंच लिहिलं.

पुढे दोन गोष्टी झाल्या. तिने हिशोब केला की पाणी जास्त सोडलं तर वाफा लवकर भरेल. डिंकाचे लाडू, तूप, दुपारची मिसळ... सगळं सुरू झालं. तीन महिन्यांत सहा किलो वाढले आणि बहुतेक पोटावर गेले. दुसरी गोष्ट संक्रांतीची. रोपवाटिकेशेजारच्या बाईंनी तिला पहिल्यांदाच हळदीकुंकवाला बोलावलं होतं. तिने ब्लाउज शिवायला टाकला. दिवाळीपासूनच्या गर्दीत मधल्या रविवारची मापं राहून गेली होती आणि आताही दुकानात सणाची गर्दी होती. नवीन माप न घेता मी वही उघडली आणि वहीतल्या आकड्यावर कापला. इतक्या वर्षांची सवय, वहीवर माझा माझ्यापेक्षा जास्त विश्वास. तिनेही घाईत अंगाला न लावता नेला. वाण घ्यायला वाकली तेव्हा पुढचा टक्स, छातीला आकार देणारी चूण, पोकळ राहून चुरगळला आणि संध्याकाळभर ती पदर ओढत बसली.

दुसऱ्या दिवशी तिने ब्लाउज माझ्या टेबलावर ठेवला. आवाज चढला नव्हता. "शैले, माझ्याकडं तीन काटे हायेत. गोणीचा, डॉक्टरांचा आन तुझा. त्यातला खोटा कोनता, तेवढं सांग."

मी सांगितलं. ती निघून गेली आणि दोन महिने आली नाही. मधल्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी साखर काठावर आल्याचं सांगून तूप बंद केलं होतं, हे मला तिच्या कामवाल्या बाईकडून कळलं. माझ्या दिलाशाने तिच्या पोटावर सहा किलो चढले होते. मी वही, टेप आणि लाल पेन घेऊन रोपवाटिकेत गेले. तिच्यासमोर ते दोन खोटे आकडे खोडले, बाजूला सही केली आणि म्हणाले, उभी राहा. ती हसली नाही, पण उभी राहिली. सगळ्या बायकांसारखं कमरेच्या वेळी पोट आत ओढलं. "सोड श्वास," मी म्हणाले. "आता दोघींनी खरं बोलायचं." कंबर छत्तीस भरली. तिने ती स्वतःच्या हाताने वहीत लिहिली आणि मग विचारलं, "च्या घेतीस का बिनसाखरेचा?"

त्यानंतरची तीन वर्षं पान शांतपणे भरत गेलं. ती सकाळी कॅनॉलवर चालायला जायची, जेवण बेताचं झालं. कंबर उतरून पुन्हा साडेतेहेतिसावर आली आणि हळूहळू, पाव पाव इंचाने, छाती अडतीस आणि सीट साडेएकोणचाळीस झाली. गंमत म्हणजे गोणीच्या काट्यावर शेवटी एकाहत्तरच भरली, सुरुवातीपेक्षा फक्त तीन किलो जास्त. नुसतं वजन बघितलं असतं तर काही घडलंच नाही असं वाटलं असतं. सलग तीन महिने माप हललं नाही तेव्हा मी तिचा मापाचा ब्लाउज शिवला. साधं कॉटन, मातकट रंग, खांदा साडेसोळा. रुंद खांदा झाकायचा नाही, त्याला धरून बाहीचा मुंढा आणि गळा बसवायचा, हे मला तिच्यावरच शिकता आलं. आरशासमोर ती बराच वेळ बाजूने उभी होती, मग तो उतरवून माझ्याकडेच ठेवायला दिला. म्हणाली, "आठपैकी चार मार्क आता तरी दे मला."

त्याच सुमारास ऋतुजाचं लग्न ठरलं. वहिनी पिशवी घेऊन आल्या. मी यादी केली, पाच ब्लाउज. मी विचारलं, "आणि मंगल?" वहिनी रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "त्यांना प्यांटपीस घेतलाय आहेराला." मी यादीत सहावा आकडा घातला आणि पुढची जागा मोकळी ठेवली. "पाचच हायेत की," वहिनी म्हणाल्या. मी म्हणाले, सहावीचं माप माझ्याकडे आहे, कापड तेवढं लागेल. त्या पिशवी ठेवून गेल्या. मंगलला मी यातलं काही सांगितलं नाही. खोटा दिलासा एकदा देऊन झाला होता.

चार दिवसांनी मंगलची आई आली, एकटी, एसटीने. सत्तरीच्या पुढची बाई, पायऱ्या चढून दमली होती. पाणी प्यायली आणि म्हणाली, "तिचा मापाचा दाखीव." मी मातकट ब्लाउज काढून दिला. तिने तो काउंटरवर पसरला, सुरकुत्या साफ केल्या आणि खांद्यावर वीत ठेवून मोजलं.

"खांदं बापाचंच राह्यलं," ती म्हणाली. मग हात पुढच्या टक्सवर आला. "आन हे?"

"हे तिचं."

"व्हय." तिने टक्सची शिवण बोटाने चाचपली. "लई वर्सं लागली का गं?"

"पाच."

तिने पिशवीतून कापड काढलं, बाकी पाचजणींसारखंच, त्याच काठाचं. "सूनबाईनंच दिलंय. तिला यायची लाज वाटली. याच मापानं शिव." कापडाला वहिनींच्या अक्षरात चिठ्ठी होती: मंगलताई.

ती चिठ्ठी मी संध्याकाळी रोपवाटिकेत नेऊन दिली. मंगल मिरचीची रोपं ट्रेमध्ये भरत होती. तिने हात पुसले, चिठ्ठी वाचली, उलटी करून मागे काही आहे का तेही पाहिलं आणि मोबाईलच्या कव्हरमध्ये सरकवली. मग बाकीचा ट्रे पुरा केला. लग्नात ती आईच्या शेजारी उभी होती. फोटोत बघितलं तर सहाजणींचा एकच काठ आहे आणि सगळ्यात चांगलं फिटिंग तिचं आहे. हे मी स्वतःच्या कामाचं कौतुक म्हणून सांगत नाही, वहिनीसुद्धा तसंच म्हणाल्या.

यंदा ऋतुजाच्या डोहाळजेवणाची पिशवी आली तेव्हा तिच्यात पाच ब्लाउज आणि एक सुटं मोरपंखी कापड होतं. चिठ्ठी ऋतुजाने लिहिलेली: "मंगलआत्या. माप काकूंकडे आहे." कुणी विचारलं नाही, कुणी समजावलं नाही. पिशवी मंगलला धरूनच भरलेली होती. त्याच कापडावर मी खडू चालवत होते...

नगरहून तिला घरी आणलं, गावातल्या घरी. वहिनींनी मला फोन करून विचारलं होतं की लग्नातला तो ब्लाउज कुठल्या पेटीत असेल. तोच घातला, तीच साडी नेसवली, वहिनींनी स्वतः. मी टेप लावायचे तशी बाजूला उभी होते. हात रिकामे होते आणि काय करायचं ते सुचत नव्हतं.

मोरपंखी ब्लाउज मी नंतर पुरा केला. कापड कापलेलं होतं, खुणा तिच्याच मापाच्या होत्या, दुसऱ्या कुणाला तो खांद्यात बसला नसता. पंधरा दिवसांनी आई येऊन घेऊन गेली. मी मातकट मापाचा ब्लाउजही काढून दिला, तर तिने तो परत माझ्याकडे सरकवला. "हा तुझ्यापाशी राहू दे," म्हणाली. "घरच्या बायांचं सगळ्यांचं माप तुझ्याकडंच असतंय."

दुकानात पाटी आहे: तीन महिन्यांनंतर कपड्यांची जबाबदारी राहणार नाही. मी ती कडक पाळते, दर तीन महिन्यांनी फळी रिकामी करते, नेले नाहीत त्यांची यादी करून फोन लावते. परवा नवीन यादी केली. तिच्या घरची मापं टांगलेल्या खुंटीपाशी आले, पिशवीतून आलेले पाचजणींचे मापाचे ब्लाउज मोजले, त्यांच्यामागे तो मातकट सहावा होता. सहा लिहिले आणि पुढच्या खुंटीकडे गेले.