सुनेच्या नावाचं प्रोफाइल

निवृत्तीनंतर बहुतेक गुन्हे विसरायला होतात. खुनाच्या तपासातली नावंसुद्धा मला आता चटकन आठवत नाहीत. पण एका साध्या तक्रार अर्जाचं प्रकरण काही केल्या मनातून जात नाही. त्यातल्या आरोपीला मी हात जोडून बाहेर पडलो होतो.

तेव्हा मी लातूर जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. बाजाराचा दिवस होता. अशा दिवशी पाकीटमारी, धक्काबुक्की, हरवलेली शेळी असं सगळं एकदम ठाण्यात येतं. त्या गर्दीतून कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले एक किराणा दुकानदार थेट माझ्या केबिनमध्ये शिरले. मागं डोक्यावर पदर घेतलेली त्यांची सून.

"साहेब, माज्या सुनंची बदनामी चालू हाय," ते म्हणाले. "कुणीतरी नेटवर तिचा फोटो टाकलाय. नांदेडहून, हैदराबादहून परके लोक फोन करून राहिलेत. सिस्टर हाय का म्हणून इचारतेत."

मी मोबाईलवर ते पान वरवर चाळलं. नोकरी देणारे आणि शोधणारे जिथं एकमेकांना गाठतात, अशा एका संकेतस्थळावर सुनेचं प्रोफाइल होतं. पांढऱ्या एप्रनमधला जुना फोटो, नर्सिंगचं शिक्षण, लातूरच्या एका खासगी दवाखान्यात आयसीयूमध्ये केलेलं काम, संपर्काला तिचाच मोबाईल नंबर. बदनामी म्हणावी असा एक शब्द त्यात नव्हता.

माझा पहिला संशय अर्थातच सुनेवर. घरच्यांना न सांगता केलेली गोष्ट अंगाशी आली, की माणसं सरळ कानावर हात ठेवतात. सासऱ्यांना चहा देऊन बाहेरच्या बाकावर बसवलं आणि महिला हवालदारासमोर तिला विचारलं.

"मी न्हाई केलं, साहेब. आत्यांना, म्हंजे सासूबाईंना, लकवा झाला तवा नोकरी सोडली. आमचे मालक नांदेडला दालमिलमध्ये हायेत, मी हितं. मागं दोन-तीन दवाखान्यांत अर्ज केला. मधली वर्षं काय केलं, म्हणून इचारलं. घरी होते म्हणलं. मग कुणी परत फोन केला न्हाई."

"आणि आता जे फोन येतात?"

"नांदेडच्या दवाखान्यातून आलता. मामांनी हिसकून घेतला आन् त्या बाईला लई बोलले."

"तुम्हाला जायचं होतं का?"

तिनं नांदेडचा तो नंबर मोबाईलमधून काढून माझ्यापुढं धरला. तिला ती नोकरी हवी होती, हे कळायला पोलिसात असायची गरज नव्हती.

मी नांदेडच्या त्या दवाखान्यात फोन लावला. भरतीचं काम बघणाऱ्या बाई बोलायला नीट होत्या. "सर, प्रोफाइल बनावट असेल तर आम्हाला नाव काढावं लागेल. या आठवड्यातच कळवा."

हीच सिस्टर का निवडली, असं मी विचारलं.

"सगळ्याच सिस्टर लिहितात, मेहनती आहे, सेवाभावी आहे. ते आता आम्ही वाचतही नाही. हिच्यात बघा काय आहे," असं म्हणून त्यांनी वाचून दाखवलं. "लकवा झालेल्या रुग्णाची घरी देखभाल. रुग्णाला कूस बदलता येत नव्हती. पण पाठीला एक जखम होऊ दिली नाही. अन्न नळीनं पोटात जात होतं, आता रुग्ण हातानं घास घेतो. रुग्ण रडला तर ती काही बोलत नाही, पाय चेपत बसते."

वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे शेवटचं वाक्य कुठली सिस्टर स्वतःबद्दल लिहील, सर?"

मी ते ऐकलं, पण माझं डोकं अजून कुणा खोडसाळ माणसाच्या मागं धावत होतं. जिल्ह्याच्या सायबर शाखेला पत्र दिलं. उत्तर आलं ते वाचून मी खुर्चीत सरळ झालो. खातं ज्या मोबाईल नंबरवरून उघडलं, तो नंबर खुद्द तक्रारदाराच्या नावावर होता.

दुकानदारांना बोलावून घेतलं आणि नंबर पुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"माजाच हाय, साहेब. पण त्यो जुना फोन. घरातच असतोय. आमच्या हिला भजनं ऐकायला दिलाय..."

बोलता बोलता ते थांबले. मी टोपी उचलली. मग आम्ही दोघं जीपकडे निघालो, मागून महिला हवालदार.

दुकानाच्या मागंच घर. सासूबाई खिडकीजवळच्या खाटेवर उशाला टेकून बसल्या होत्या. अंगावरची साडी, केस, अंथरूण, सगळं इतकं स्वच्छ की मी बूट बाहेर काढले. त्यांचा उजवा हात निर्जीव होता. डाव्या हाताशी फोन होता.

"मावशी, हे तुम्ही लिहिलंत?"

त्यांनी मान हलवली. शब्द एकेक करून, अडखळत येत होते. डाव्या हाताला सवय व्हावी म्हणून सुनेनंच त्यांना व्यायाम दिला होता, रोज फोनवर एक ओळ लिहायची. नर्सनं प्रोफाइल कसं लिहावं, याचा एक व्हिडिओ त्यांना त्याच फोनवर सापडला होता. तुमच्या कामानं रुग्णाला काय फरक पडला ते लिहा, असं त्यात सांगत होते. रुग्ण तर त्या स्वतःच होत्या.

"दुसऱ्याच्या नावानं खातं उघडता येत नाही, मावशी. गुन्हा होतो."

"घाला... आत," त्या म्हणाल्या. आणि मग जराशानं, "घरी होते... म्हणती ती. घरी व्हती का? ड्युटी... करून राहिली व्हती. माज्यावर."

सासऱ्यांचा आवाज चढला. "आन् ती गेल्यावर तुजं कोण बघंल?"

"तुमी. हात... हायेत की."

महिला हवालदाराला हसू आवरेना. पण दारात उभी असलेली सून म्हणाली, "मी न्हाई जाणार, आत्या. आत्ता कुठं घास घेऊन राहिलाव."

सासूबाईंनी तिच्याशी वाद घातला नाही. मला खूण केली, फोन लावा.

मी नांदेडच्या बाईंना सगळी हकिकत सांगितली. त्या अवघडल्या. "सर, पटतंय मला. पण घरच्या कामाचं प्रमाणपत्र नसतं. त्या वर्षांची खात्री कोण देणार?"

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी हात पुढं केला. मी फोनचा स्पीकर लावून त्यांच्यापुढं धरला. सून मदतीला सरसावली, तिला त्यांनी डोळ्यांनीच थांबवलं.

"बाई... मला एक शब्द... बोलता येत नव्हता. आता... मी तुमच्याशी... बोलून राहिले. हेच... तिचं काम."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्या बाई म्हणाल्या, "सोमवारी सिस्टरला पाठवा, आजी."

सून भिंतीला टेकून रडायला लागली. सासूबाईंना उठून तिच्यापाशी जाता येत नव्हतं. सासरे गेले. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कूस कशी बदलायची ते मला दाखीव. सोमवारच्या आत."

माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. अर्ज मी निकाली काढला. सुनेनं ते खातं आपलंच म्हणून जबाब दिला, तेव्हा तक्रार उरलीच नाही.

पोलिसात आम्ही साक्षीदारासाठी गावभर हिंडतो. एखाद्यानं काय काम केलं, हे ज्याच्यासाठी केलं त्याला आधी विचारावं, एवढी साधी गोष्ट मला त्या खाटेपाशी कळली. आता ओळखीतली एखादी पोर, नर्स असो की लॅब टेक्निशियन, नोकरीसाठी प्रोफाइल लिहून मला दाखवायला आली, की मेहनती, सेवाभावी वगैरे मी आधी खोडायला लावतो. मग विचारतो, "तुझ्यामुळं कोण उठून बसलं, ते सांग." बहुतेकींना लगेच काही सुचत नाही. मग एखादं माणूस आठवतं, आणि सांगता सांगता पोरीचा आवाज बदलतो.