कानाला न पोचलेला हात

बंगळुरूला निघाले तेव्हा माय धानाची रोवणी अर्धी सोडून चिमूरच्या स्टँडवर आली. पायांवरचा चिखल वाळून पांढरा झालेला. बाबांनी भाकरी एका जुन्या मोर्चाच्या पत्रकात बांधून दिली. आमच्या घरी रद्दी म्हणजे पत्रकंच. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली.

"शिकून वस्तीच्या कामी ये," बाबा म्हणाले.

"पयले पोटभर खाजो," माय म्हणाली.

आता एसी लॅबमध्ये मी म्हातारपणाचा अभ्यास करते. पेशीतले पुष्कळ आरएनए प्रथिनं बनवत नाहीत. बरीच वर्षं शास्त्रज्ञ त्यांना कचरा समजत. आता कळतंय, कोणतं जनुक बोलेल आणि कोणतं गप्प बसेल, हे त्यांतले काही ठरवतात. वयाबरोबर त्यांचं रक्तातलं प्रमाण बदलतं. त्यावरून शरीर किती झिजलं याचा अंदाज येतो.

वस्तीतल्या मावश्यांनो, म्हणूनच गेल्या वर्षी तुमचं रक्त मागितलं. माझ्या शब्दावर तुम्ही दंड पुढे केलेत.

तुमची शरीरं आधारकार्डावरच्या वयापेक्षा फार म्हातारी निघाली. लॅबचे सर म्हणाले, "यांची वयं बेभरवशाची आहेत. नमुने काढून टाक."

मी मायला फोन लावला. ती हसतच सुटली.

"अवं, शाळेत नाव घालाले उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाले लावा लागे. लागला तं सहा वर्साची. माहा हात कुठी पुरत होता? मास्तर म्हने, पुढच्या साली ये. खायलेच नाई, तं हात वाढन कुठून?"

म्हणजे उपाशी पोरी शाळेच्या कागदावर, आणि त्यावरून आधारकार्डावरही, लहानच राहिल्या. आधी भुकेनं हात खुंटवला, मग मास्तरनं वय खुंटवलं, आणि आता तीच चूक दाखवून आम्ही तुम्हाला विज्ञानातून हाकलणार! आरएनएला कचरा म्हटल्याची लाज ज्यांना इतक्या उशिरा वाटली, ते माणसांना तेच म्हणताना क्षणभरही थांबत नाहीत.

"मग तुझं खरं वय कसं सांगू?" मी विचारलं.

"विहाराचा पाया खंदला तवा मी रांगून राह्यली होती. खड्ड्यात पडन म्हनून खाटेले बांधली होती मले. दगडावर सन कोरला हाय. सांग तुह्या सायबाले!"

सांगितलं. सर म्हणाले, "हा पुरावा नव्हे, भावना आहे."

मग मी लिहून दिलं: हे नमुने गेले, तर शोधनिबंधावरून माझं नावही जाईल. सर चिडले. पण फ्रीजरमधला तुमचा डबा तूर्त जागेवर आहे.

धान कापणीला मी येतेय. विहारात जमा. कोण कोणाच्या आधी जन्मली ते भांडून ठरवा. मी त्या दगडापासून मोजत जाईन.

गावाला आता मी घर म्हणते ते एवढ्यासाठीच. इथं माझं वय कार्ड सांगतं. तिथं एखादी मावशी म्हणते, "तू झाली तवा मी तुह्या मायले पेज पाजली होती." यापेक्षा मोठा पुरावा कोणता, ते सरांनी मला दाखवावं.