मंगलचा वकील

घरी पाहुणे आले आणि बोलता बोलता नौबादचा विषय निघाला, की आमचे हे हळूच म्हणतात, "आता चहा दुसऱ्यांदा करावा लागणार." त्यांचंही खरं आहे. किस्से जपून ठेवायचे म्हणून कुणी ठेवत नाही. घरातल्या बटणांसारखे ते डब्यात आपोआप साठतात, आणि एक शोधायला गेलं की मूठभर बाहेर येतात. माझा डबा भरला तो नौबादच्या केंद्रात.

बिदरला लागूनच नौबाद. ऐंशीच्या दशकात तिथं एका जुन्या बंगल्यात मुलांसाठी केंद्र होतं. मनाचं काही दुखणं असलेली मुलं सकाळी यायची, दिवसभर शिकायची, खेळायची, डॉक्टरांशी बोलायची आणि संध्याकाळी आपापल्या घरी जायची. डॉक्टर धारवाडकडच्या. मुलं त्यांना डॉक्टरअक्का म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. मी शाळेतून तिकडं पाठवलेली शिक्षिका. आणि तिसरे खाजामामू. जीप चालू असली की ड्रायव्हर, जीप बंद पडली की माळी, आणि एखादं पोरगं रडायला लागलं की घोडा.

गावानं मात्र केंद्राला एकच नाव ठेवलं होतं, येड्यांची शाळा. बसचा कंडक्टर आमच्या स्टॉपला तसंच ओरडायचा. पहिल्याच आठवड्यात मी उतरायला लागले तर त्यानं घंटी मारायचं थांबवलं आणि फार मायेनं विचारलं, "बाई, रोज यावं लागतंय, का सोडतेत मधी?"

मी म्हटलं, "अहो, मी शिकवायला येते."

"व्हय व्हय," तो मान हलवत म्हणाला, "समदे आसंच म्हणतेत."

* * *

मंगल संतपूरची. बारा-तेरा वर्षांची. घरात नुसती टकळी चालायची, पण परकं माणूस दिसलं की तोंड बंद. शाळेत इतकी वर्षं गेली, एक शब्द नाही. मास्तरांनी छड्या मारून पाहिल्या, घरच्यांनी अंगारे लावून पाहिले. शेवटी नौबादला आत्याच्या घरी ठेवून तिला आमच्याकडं पाठवायचं ठरलं.

सोबत वडील आले होते, नागनाथअप्पा. ज्वारी-तुरीचा शेतकरी, मिशी ताठ, बोलणं त्याहून ताठ. त्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"अक्का, येळवशीपर्यंत बघतो. तवर चार लोकांत बोलली तर ठीक. न्हाई तर घरी नेतो, गुरामागं जाईल. येड्याच्या शाळंत जाती म्हणून लोक आताच बोलायलेत. उद्या सोयरीक कोण करंल?"

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. ती येते ऐन थंडीत, आणि तेव्हा पावसाळा संपत आला होता. मंगल शेजारीच उभी होती. खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होती. मला त्या माणसाचा राग आला आणि कीवही आली.

डॉक्टरअक्कांनी नियम केला. मंगलला 'बोल' असं कुणीही म्हणायचं नाही, काही विचारून उत्तराची वाट बघायची नाही. तिला बोलायची भीती वाटते, तो हट्ट नव्हे. आपण भीतीच्या अंगावर धावून गेलो तर ती आणखी आत जाऊन बसेल. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. अडचण होती खाजामामूंची. जीपमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला "बोलो बेटा" म्हणायची त्यांची जन्माची सवय. दुसऱ्या दिवशी मंगल चढली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलंच, "बोलो बेटी..."

मग त्यांनी जीभ चावली आणि घाबऱ्याघुबऱ्या हात हलवत म्हणाले, "नक्को नक्को, कुछ नक्को बोलो! चुपके बैठो, मेरी माँ!"

मंगल तोंडावर हात ठेवून हसली. केंद्रातलं ते तिचं पहिलं हसू.

* * *

डॉक्टरअक्का जिथं शिकल्या होत्या तिथं मूल चांगलं वागलं की त्याला प्लॅस्टिकची रंगीत चकती देत. चकत्या साठल्या की बक्षीस. आमच्याकडं चकत्या कुठल्या आणायच्या? खाजामामूंनी सुचवलं, चिंचोके घ्या. अक्का खूश झाल्या. मारामारी न करता खेळलं, एक चिंचोका. ताटावर शेवटपर्यंत बसलं, एक चिंचोका. शनिवारी ज्याच्याकडं सगळ्यांत जास्त, त्यानं जीपमध्ये पुढं बसायचं.

आता दत्तू. नौबादचाच, मारुती सायकलवाल्याचा मुलगा. त्याचं दुखणं असं की तो एका जागी टिकत नसे, आणि कुणी रागावलं की पळून जाई. फाटक, कुंपण, खिडकी, जे जवळ असेल ते. तर पहिल्या शनिवारी हा दत्तू सदऱ्याचा ओचा दोन्ही हातांनी धरून आला. ओच्यात चिंचोक्यांची रास.

अक्कांचे डोळे भरून आले. एवढी प्रगती! मग त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. केंद्राच्या अंगणात भलंमोठं चिंचेचं झाड होतं, आणि आम्हा शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकालाही ते आठवलं नव्हतं.

"दत्तू, एवढे चिंचोके कशाचे?"

"अक्का," दत्तू म्हणाला, "झाडाखाली म्या लई चांगला वागलो."

अक्का हार मानणाऱ्या नव्हत्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी चिंचोक्यांना लाल नेलपॉलिश लावलं. शनिवारी दत्तूकडं लाल चिंचोक्यांची रास. चौकशी सुरू झाली. दत्तूला नेलपॉलिश कुणी दिलं? तेवढ्यात माझं लक्ष मंगलकडं गेलं. तिच्या बोटांची टोकं लालेलाल. आत्याच्या पेटीतली बाटली कुठं गेली ते आम्हाला कळलं, पण विचारायची सोय नव्हती. तिला प्रश्न विचारून उत्तराची वाट बघायची नाही, हा आमचाच नियम!

चिंचोके त्या दिवसापासून बंद झाले. दत्तूला ते फार लागलं. "चांगलं वागून काय मिळतंय मग?" असं तो बरेच दिवस विचारत होता.

* * *

एकदा बेंगळूरहून एक साहेब केंद्र बघायला आले. बूट चकचकीत, कपाळावर गंध. ओळीनं प्रत्येक मुलाला कन्नडात नाव विचारत ते मंगलपुढं आले.

"तुझं नाव काय?"

मंगल गप्प. साहेबांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. मंगलचे ओठ पांढरे पडले. अक्का पुढं होणार इतक्यात शेजारचा दत्तू हात जोडून अदबीनं म्हणाला, "साहेब, तिचं मौनव्रत आहे."

साहेब दोन पावलं मागं सरले. त्यांनी मंगलला नमस्कार केला आणि अक्कांना हळूच विचारलं, "एवढ्या लहान वयात?"

त्या दिवसापासून दत्तू मंगलचा वकील झाला. वकीलपत्र त्यानं स्वतःच घेतलं होतं. तो तिच्या शेजारी बसायचा आणि तिच्या वतीनं जाहीर करायचा. "मंगल म्हणते, आज गणित नको." "मंगल म्हणते, भाकरी रोजच हाय, आज शिरा करा." "मंगल म्हणते, दत्तूला जीपमध्ये पुढं बसवा."

पक्षकार मात्र खमकी होती. खोटी बाजू मांडली की ती वकिलाच्या दंडाला असा चिमटा काढायची की तो जागच्या जागी उडायचा. शिऱ्याच्या वेळी तिनं चिमटा काढला नाही, एवढं मी पाहून ठेवलं. गणिताच्या वेळीही नाही.

अक्का म्हणायच्या, "चिमटा हे पण बोलणंच की." मी मनात म्हणायची, नागनाथअप्पाला हे कोण पटवणार?

* * *

दिवाळीनंतर अक्कांनी आईबापांना बोलावलं आणि एक खेळ मांडला. मुलांनी बाप व्हायचं, बापांनी मूल व्हायचं. सायकलवाला मारुती लाजत लाजत सतरंजीवर बसला. दत्तू खुर्चीवर चढला, कानावरची नसलेली विडी काढून तोंडात धरली, एक डोळा बारीक केला आणि असा काही गरजला, "कामून आलास रं? पान्हा कुठं टाकलास? थांब, पंप घेऊनच येतो!"

मारुती उठला आणि पळाला. खरोखर पळाला. सतरंजी, व्हरांडा, फाटक, सगळं पार करून रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मग भानावर आला आणि ओशाळून परत आला.

"अक्का," तो घाम पुसत म्हणाला, "माजा बाप आठवला वो."

दत्तू कितीतरी वेळ बापाकडं बघत होता. मग त्यानं खुर्चीवरून उतरून बापाला पाणी आणून दिलं.

पुढची पाळी नागनाथअप्पांची. ते मंगल होऊन बसले. अक्कांनी बाकीच्या मुलांना खूण केली. मुलांना काय, रोज ऐकलेलंच म्हणायचं होतं. सगळी त्यांच्याभोवती गोळा झाली. "बोल की गं." "जीभ हाय का न्हाई?" "एवढी मोठी झालीस, लाज कशी वाटत न्हाई?" "नाव तरी सांग, नाव!" अप्पा आधी हसत होते. मग हसू गेलं. मान खाली गेली, मिशी खाली गेली, आणि पायाचा अंगठा फरशी घासायला लागला.

समोर खुर्चीवर मंगल बसली होती, बाप होऊन. तिनं काय करावं? ती उतरली, मुलांना हातानं बाजूला सारलं आणि अप्पांच्या शेजारी जाऊन बसली.

अप्पा चहा न घेताच गेले. मला वाटलं, विरघळला माणूस. पण आठ-दहा दिवसांनी संतपूरहून निरोप आला. "येळवशीला समदे जेवायला या. येताना पोरीचे कपडे घेऊन या."

* * *

येळवशीला आमच्या भागात गावात माणूस सापडत नाही. सगळे शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटी करायची, आत पांडवांची पूजा, बाहेर शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडक्यातली आंबट ताकाची आंबील. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवू घालतात, आणि बोलावणं आलं तर नाही म्हणत नाहीत. आम्ही जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गेलो. आत्याच्या घरून घेतलेली मंगलच्या कपड्यांची पिशवी माझ्या मांडीवर होती. एवढीशी पिशवी, पण वाटभर जड लागली.

जेवणं झाली. भावकीतली माणसं, आत्या, आमची मुलं, सगळे कोपीभोवती बसले होते. मंगल आंबील वाढत होती. मडकं दोन्ही हातांत कवटाळून एकेकाच्या पेल्यात ओतत होती.

नागनाथअप्पा उभे राहिले. "अक्का, तुमी पोरीसाठी लई केलाव. म्या विसरणार न्हाई. पर वायदा तो वायदा." मग कुठंतरी टोचलं असावं, म्हणून ते मुलीकडं वळले. "काय गं मंगल? जायाचं का तिकडं, का ऱ्हातीस घरी?"

सगळ्यांच्या नजरा मंगलवर. अक्कांनी डोळे मिटून घेतले. मंगल मडक्यात बघत होती, ओठ पांढरे.

"अप्पा," आवाज आला, "मंगल म्हणते, घरीच ऱ्हाते."

दत्तू. नेहमी तिला चिकटून बसणारा दत्तू आज पार पलीकडं, ज्वारीच्या कडेला उभा होता. चिमट्यासाठी मंगलचा एक हात सवयीनं मडक्यावरून सुटला, मडकं कलंडलं, तिनं घाईनं पुन्हा धरलं.

"तिकडं करमत न्हाई म्हणते," दत्तू म्हणाला. "डॉक्टरअक्का लई मारतेत म्हणते."

मी त्याला डोळ्यांनी दटावलं. त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही.

"बरं मग," नागनाथअप्पा म्हणाले.

"आणिक म्हणते," दत्तूनं आवाज चढवला, "गुरं राखते, आन लगीन ठरवा लवकर."

"खोटं बोलायलाय ह्यो!"

आवाज कुणाचा ते क्षणभर मला कळलंच नाही. जाडसर, रागीट, थेट नागनाथअप्पांसारखा.

"म्या कवा म्हणलं? म्या जाणार हाय नौबादला! अक्कानं कवाच मारलं न्हाई. अप्पा, ह्यो कवापासनं खोटं बोलायलाय, शिऱ्याचं बी ह्याचंच व्हतं!"

आत्यानं पदर तोंडात धरला. खाजामामू पाठ फिरवून जीपकडं तोंड करून उभे राहिले आणि खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांना लावत पुटपुटले, "बोलो बेटी, बोलो."

नागनाथअप्पांनी मुलीच्या हातातलं मडकं घेतलं. चालत ज्वारीच्या कडेला गेले आणि दत्तूच्या पेल्यात आंबील ओतत राहिले. पेला भरला, सांडला, तरी ओतत होते.

दत्तूनं ती सगळी प्यायली. बाहीनं तोंड पुसलं. मग डॉक्टरअक्कांपुढं येऊन त्यानं तळहात पसरला.

"अक्का, माजा चिंचोका."