घामोळ्यांची ट्यूब

बेसा चौकातला आमचा मेडिकलवाला अंगावरची पुरळ कधी बघत नाही. गिऱ्हाईक बाही वर करतं, तोवर त्याचा हात मागच्या कप्प्यातल्या ट्यूबवर पडलेला असतो. घामोळ्या असोत की गजकर्ण, सगळ्यांना तीच ट्यूब आणि तेच वाक्य, "लावून तर पाहा काकू, गायबच होऊन जाते."

नातवाच्या पाठीवरच्या घामोळ्यांना मी ती लावली. आधी खरंच गेल्या, मग चौपट होऊन आल्या. डॉक्टरीणबाई चिडल्या. म्हणाल्या, "गार पाणी आणि सुती झबलं, एवढ्यानं घामोळ्या आपोआप जातात. ही ट्यूब लेकरांसाठी नाहीच."

नातवाला कडेवर घेऊन मी तणतणत दुकानात गेले. काउंटरवर मेडिकलवाल्याची तान्ही नात उघडी बसली होती, पाठभर घामोळ्या घेऊन. तो ओल्या फडक्यानं तिची पाठ टिपत होता.

"हिले काहून नाही लावली तुमची ट्यूब?"

"काहीतरीच काकू. लहान लेकराची चामडी नाजूक राहते."

मी नातवाचं झबलं वर करून पाठ मेडिकलवाल्याच्या नाकासमोर धरली. पहिल्यांदाच त्यानं नीट निरखून बघितलं.

"अरे बापा, हे काय लावून ठेवलं तुम्ही याले?"